राखीव समुद्रात ट्रॉलर कशाला?

नेदरलँड्सच्या वाट्याला आलेला उत्तर समुद्र सुमारे ५७ हजार चौरस किलोमीटरचा आहे, त्या देशाच्या जमिनीहूनही मोठा. त्याच्या नकाशावर डॉगर बँक, क्लाव्हरबँक, फ्रीशियन फ्रंट, व्होर्डेल्टा अशी संरक्षित क्षेत्रे आखलेली दिसतात आणि किनाऱ्यालगत वाडन समुद्र दिसतो, ज्याला युनेस्कोने २००९ मध्ये जागतिक वारसा ठरवले. या चौकटींच्या आत तरी समुद्राला कोणी हात लावत नसेल, असा समज सहज होतो. प्रत्यक्षात त्यांतल्या अनेक ठिकाणी समुद्रतळ खरवडणारी जाळी वर्षानुवर्षे बिनदिक्कत ओढली गेली. युरोपातल्या ७२७ संरक्षित सागरी क्षेत्रांचा अभ्यास २०१८ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यांपैकी ५९ टक्के क्षेत्रांत व्यावसायिक ट्रॉलिंग चालू होते आणि त्याचे सरासरी प्रमाण संरक्षित हद्दीबाहेरच्या समुद्रापेक्षा १.४ पट अधिक होते. शार्क आणि पाकट यांसारखे नाजूक मासे, जिथे ट्रॉलिंग जास्त तिथे ६९ टक्क्यांनी कमी आढळले. हद्द आखली, फलक लागला, पण संरक्षण नावापुरते उरले. समुद्र राखीव ठेवायचा असेल, तर त्याचा तळ उद्ध्वस्त करणारी साधने तिथून बाहेर काढावी लागतात आणि ती काढताना ज्याचे पोट त्यावर आहे त्याच्याशी उघड, लेखी आणि पैशांचा हिशेब असलेला करार करावा लागतो. यातली एक गोष्ट जरी सुटली, तरी दुसरी टिकत नाही. नेदरलँड्सच्या गेल्या ५० वर्षांच्या अनुभवातून निघणारा हा निष्कर्ष महाराष्ट्रालाही तंतोतंत लागू पडतो.

आधी तळाचे काय होते ते पाहू. डच मच्छीमारांचे खास साधन म्हणजे बीम ट्रॉल. जाळ्याचे तोंड उघडे ठेवणारा आडवा लोखंडी दांडा, त्याच्या दोन्ही टोकांना तळावरून घसरत जाणारे जड पाय आणि जाळ्याच्या पुढे साखळ्या. आपल्याकडच्या लेप्यासारखे सोल आणि प्लेस हे चपटे मासे वाळूत दडून बसतात. साखळ्यांनी त्यांना उठवायचे आणि मागून येणाऱ्या जाळ्यात घ्यायचे, अशी ही पद्धत. वेगवेगळ्या साधनांच्या परिणामांचे जगभरातले अभ्यास एकत्र करून २०१७ मध्ये जो आढावा निघाला, त्यानुसार बीम ट्रॉलच्या एका फेरीत तळावरच्या जिवांपैकी सुमारे १४ टक्के नष्ट होतात. पाण्याचा झोत मारून तळ उकरणाऱ्या ड्रेजच्या एका फेरीत हेच प्रमाण ४१ टक्क्यांवर जाते. तळ पुन्हा भरून यायला साधारण दोन ते साडेसहा वर्षे लागतात, तीही मधल्या काळात दुसरी फेरी झाली नाही तर.

उत्तर समुद्रात या फेऱ्यांची नोंद एका शिंपल्याने स्वतःच्या अंगावर ठेवली आहे. आर्क्टिका आयलँडिका हा शिंपला तळातल्या गाळात शंभर वर्षांहूनही अधिक जगतो आणि त्याच्या कवचावर दर वर्षी एक वाढरेषा उमटते. साखळीचा घाव बसून कवच फुटले आणि जीव वाचला, तर तो भेग भरून काढतो. व्रण मात्र कायम राहतो. टेक्सेल बेटावरच्या सागरी संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी दक्षिण उत्तर समुद्रातले असे शिंपले गोळा केले, वाढरेषा मोजून प्रत्येक व्रणाचे वर्ष ठरवले आणि १९९४ मध्ये निष्कर्ष मांडले. डच बीम ट्रॉलर जसजसे ताकदवान होत गेले, तसतसे कवचांवरचे व्रण वाढत गेले होते. समुद्रतळाच्या हानीचा याहून थेट पुरावा मिळणे कठीण आहे. शिवाय ही नोंद फक्त वाचलेल्यांची आहे. जे चिरडले गेले त्यांची कवचे मोजायला उरली नाहीत.

काय गमावले याचा अंदाज त्याहून जुन्या नकाशांवरून येतो. १८८३ मध्ये छापलेल्या एका मासेमारी नकाशासंग्रहात दक्षिण उत्तर समुद्रात हजारो चौरस किलोमीटर पसरलेली कालवांची वस्ती दाखवली आहे. कालवे एकमेकांवर वाढत कठीण, खडबडीत तळ तयार करतात. त्यावर इतर प्राणी चिकटतात, मासे अंडी घालतात, पिल्ले लपतात. आज तिथे जवळपास सर्वत्र मऊ वाळू आणि गाळ आहे. अतिरेकी उपसा, रोग आणि ट्रॉलिंग यांनी ही वस्ती विसाव्या शतकात संपवली. त्यामुळे उत्तर समुद्राचा तळ मुळातच ओसाड, तिथे राखण्यासारखे काय आहे, हा युक्तिवाद टिकत नाही. हे ओसाडपण निसर्गाने दिलेले नाही. त्याच समुद्रात स्किरमोनिकोख बेटाच्या उत्तरेला २०१८ पासून युरोपीय कालवे पुन्हा तळावर सोडली जात आहेत. पण सोडलेल्या कालवांवरून पुन्हा साखळी फिरणार असेल, तर त्या खर्चाला अर्थ राहत नाही.

कागदी संरक्षणाची किंमत सर्वांत स्पष्ट दिसली ती वाडन समुद्रात. ओहोटीला उघड्या पडणाऱ्या चिखलाच्या या विस्तीर्ण मैदानांवर दर वर्षी एक कोटीहून अधिक स्थलांतरी पक्षी उतरतात. ही मैदाने राष्ट्रीय निसर्गस्मारक होती, त्यांना रामसर कराराचे आणि युरोपच्या पक्षी व अधिवास कायद्यांचे संरक्षण होते. तरीही २००४ पर्यंत त्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश क्षेत्रावर कॉकल जातीचे शिंपले यंत्राने उपसायला सरकार परवाने देत होते. १९९०च्या सुमारास ओहोटीत उघडे पडणारे शिनाण्यांचे (मसल शिंपल्यांचे) थर जवळजवळ नाहीसे झाले. १९९९-२०००च्या हिवाळ्यात सुमारे २१ हजार आयडर बदके उपासमारीने मेली. एवढे होऊनही यंत्रे थांबली नाहीत.

यंत्रे नेमके काय करतात, हे नॉट नावाच्या छोट्या पाणपक्ष्याच्या पोटात सापडले. उत्तर ध्रुवाजवळ वीण करून हा पक्षी वाडनमध्ये येतो. तो शिंपले कवचासकट गिळतो आणि पोटातल्या स्नायुमय पेषणीत चुरडतो. यंत्र फिरून गेलेल्या चिखलात नवे शिंपले कमी रुजत होते आणि जे रुजत, त्यांत मांस कमी व कवच जास्त असे. तेवढेच अन्न मिळवायला पक्ष्याला अधिक कवच चुरडावे लागे. १९९८ ते २००२ या काळात संशोधकांनी पाहिले की पक्ष्यांच्या पेषण्या वाढत गेल्या. निकृष्ट अन्नाची भरपाई शरीर स्वतःला बदलून करू पाहत होते. ती भरपाई अपुरी पडली. मोठ्या पेषणीचे पक्षीही पुरेसे खाऊ शकले नाहीत, टिकून राहणाऱ्यांचे प्रमाण घटले आणि वाडनमधला नॉट मोठ्या प्रमाणावर कमी झाला. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाचा निष्कर्ष सरळ होता: मासेमारीपासून पुरेसे संरक्षण न देणारे राखीव क्षेत्र आपला हेतूच साधू शकत नाही. कुंपणच शेत खात होते, आणि त्याला परवाना सरकारचा होता.

हे थांबले कसे, ते आपल्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे. वाडन समुद्रासाठी १९६५ पासून काम करणारी वाडनफेरेनिखिंग ही संघटना आणि पक्षी संरक्षण संस्था न्यायालयात गेल्या. ७ सप्टेंबर २००४ रोजी युरोपीय न्यायालयाने निकाल दिला की दर वर्षीच्या परवान्यालाही स्वतंत्र तपासणी लागेल, आणि त्या क्षेत्राला अपाय होणार नाही याबद्दल वाजवी शास्त्रीय शंका उरली नसेल तरच परवाना देता येईल. पुराव्याचे ओझे निसर्गाच्या बाजूवरून उद्योगाच्या बाजूवर सरकले. त्याच वर्षी एका सरकारी सल्लागार गटाने तोडगा सुचवला होता: यांत्रिक उपसा बंद करावा, व्यावसायिकांना भरपाई द्यावी आणि वाडनसाठी ८० कोटी युरोंचा निधी उभारावा. २००५ पासून यंत्रे थांबली आणि परवानाधारकांना १२ कोटी युरोंच्या आसपास भरपाई मिळाली. ओहोटीच्या वेळी पाण्यात उभे राहून दाताळ्याने शिंपले काढणाऱ्यांना मात्र परवाने आणि मर्यादा घालून काम चालू ठेवता आले. शिनाण्यांचे थर पुढच्या काळात अनेक ठिकाणी पुन्हा उभे राहिले. २००८ मध्ये शिनाणे वाढवणारे व्यावसायिक, निसर्गसंस्था आणि सरकार यांनी करार केला की तळावरून पिल्ले खरवडण्याऐवजी पाण्यात टांगलेल्या दोरांवर आणि जाळ्यांवर ती धरावीत. हे काम ठरलेल्या मुदतीत पूर्ण झाले नाही, पण दिशा बदलली. त्यात मनाई होती, मोबदला होता आणि कमी हानीच्या पद्धतीला जागा होती. हे तीन एकत्र आले म्हणून तोडगा टिकला.

याविरुद्धचा सर्वांत वजनदार आक्षेप नेदरलँड्समधूनच येतो आणि त्याला बगल देणे प्रामाणिकपणाचे नाही. प्लेस माशाच्या पिल्लांना वाव मिळावा म्हणून १९८९ मध्ये डच, जर्मन आणि डॅनिश किनाऱ्यालगत सुमारे ३८ हजार चौरस किलोमीटरची ‘प्लेस पेटी’ आखली गेली. ३०० अश्वशक्तीहून मोठ्या ट्रॉलरना तिथे आधी वर्षाचा काही काळ आणि १९९५ पासून बाराही महिने बंदी होती. अपेक्षा होती की प्लेस वाढेल. तसे झाले नाही. लहान प्लेस किनाऱ्यापासून दूर सरकला आणि ‘राखीव क्षेत्रे निरुपयोगी असतात’ याचा दाखला म्हणून मच्छीमार ही पेटी आजवर पुढे करतात. पण पेटीत बंद काय झाले होते? मोठी जहाजे. ३०० अश्वशक्तीपर्यंतचे ट्रॉलर आणि कोळंबीच्या बोटी आत फिरतच होत्या आणि मोठे गेल्यावर छोट्यांना मोकळे रान मिळाले. तळ खरवडला जाणे थांबलेच नाही. शिवाय सगळे यशापयश एका माशाच्या संख्येवर मोजले गेले, जो तापत्या पाण्यामुळे आणि किनाऱ्यालगतच्या पोषकद्रव्यांत झालेल्या बदलामुळे स्वतःच जागा बदलत होता. जगभरातल्या ८७ संरक्षित क्षेत्रांचा २०१४ मधला अभ्यासही हेच सांगतो. मासेमारीला पूर्ण मनाई, कडक अंमलबजावणी, १० वर्षांहून अधिक वय, १०० चौरस किलोमीटरहून मोठा आकार आणि खोल पाण्याने किंवा वाळूने आलेले वेगळेपण, या पाचांपैकी चार-पाच गुण असलेल्या क्षेत्रांत मासे स्पष्टपणे वाढले; एखाद-दुसराच गुण असलेली क्षेत्रे मासेमारीच्या खुल्या समुद्राहून वेगळी दिसली नाहीत. अर्धवट बंदीला यश येत नाही म्हणून पूर्ण बंदीही व्यर्थ, हा निष्कर्ष त्यातून काढता येत नाही.

दुसरा आक्षेप पोटाचा आहे आणि तो अधिक आदराने ऐकला पाहिजे. डच मच्छीमारावर गेल्या काही वर्षांत एकामागून एक आघात झाले. ब्रेक्झिटने माशांचा वाटा घटला. २०२२ मध्ये डिझेल भडकले. पवनचक्क्यांनी समुद्राचे मोठे तुकडे व्यापले. ज्या पल्स जाळ्यात साखळ्यांऐवजी विजेचे सौम्य धक्के वापरले जात आणि इंधन व तळाची हानी दोन्ही कमी होत, त्यावर अनेकांनी भांडवल घातले होते. युरोपने ते २०२१ मध्ये बंद केले. अशा माणसाला ‘आता हाही भाग सोड’ म्हटल्यावर तो संतापणारच. २०२० च्या उत्तर समुद्र करारात हे दिसले. २०३० पर्यंत डच उत्तर समुद्राचा १५ टक्के भाग तळ खरवडणाऱ्या मासेमारीपासून मुक्त ठेवायचा आणि बदलासाठी सुमारे २० कोटी युरोंचा निधी द्यायचा असे त्यात ठरले, पण मच्छीमारांच्या प्रमुख संघटनांनी सही केली नाही. हा त्या कराराचा खरा दुबळेपणा आहे, आणि तो भरून काढायचा मार्ग बंदी सैल करण्यात नसून वाटाघाटी पुन्हा करण्यात आहे. १५ टक्के बंद म्हणजे ८५ टक्के या बंदीबाहेर, हेही विसरता कामा नये. बंद भागातली जहाजे उरलेल्या भागात गर्दी करतील हा धोका खरा आहे. म्हणूनच क्षेत्र बंद करताना त्या प्रमाणात ताफाही भरपाई देऊन कमी करावा लागतो. नुसती सीमा हलवली, तर हानीही फक्त जागा बदलते.

मच्छीमार आणि निसर्ग कायम समोरासमोर उभे असतात, हे गृहीतकही तपासून घ्यावे. १९५३ च्या महापुरात नेदरलँड्समध्ये १,८३६ माणसे गेली. त्यानंतर ओस्टरस्खेल्डे ही खाडी धरणाने कायमची बंद करायचे ठरले. भरती-ओहोटी थांबली असती आणि खाडीतले सगळे सागरी जीवन संपले असते. येर्सेके गावचे कालव आणि शिनाण्यांचे व्यावसायिक व निसर्गप्रेमी तेव्हा एकत्र उभे राहिले. सत्तरच्या दशकात सरकारला आराखडा बदलावा लागला आणि १९८६ मध्ये ६२ पोलादी दारांचा उघडा बांध पूर्ण झाला, जो फक्त वादळात बंद होतो. २००२ मध्ये ती खाडी राष्ट्रीय उद्यान झाली. इंग्लंडच्या लाइम उपसागरात २००८ मध्ये ट्रॉल आणि ड्रेज यांना मनाई झाली, खेकडे-शेवंडांचे पिंजरे लावणाऱ्या छोट्या बोटींना मुभा राहिली. तळावरचे जीवन सावरले आणि त्या छोट्या बोटींचा व्यवसायही टिकला. समुद्रावर जगणाऱ्यांत सगळे एकाच बाजूला नसतात. अवजड साधनांनी तळ उपसणारा आणि किनाऱ्यालगत हाताने धरणारा यांचे हितसंबंध अनेकदा परस्परविरोधी असतात. राखीव क्षेत्र दुसऱ्याला आधार देऊ शकते, जर ते तसे आखले तर.

तापणाऱ्या समुद्रापुढे एखाद्या चौकटीतल्या बंदीने काय होणार, असेही विचारले जाते. पाणी तापणे कोणतेही राखीव क्षेत्र थांबवू शकत नाही, हे खरे आहे. पण एकाच तळावर उष्णता आणि साखळ्या असे दोन्ही घाव बसू न देणे आपल्या हातात आहे, आणि त्यांतला दुसरा घाव उद्याच थांबवता येतो. शिवाय जिथे काहीच बंद नाही तिथे कोणती हानी हवामानाची आणि कोणती जाळ्यांची, हे वेगळे करून दाखवताही येत नाही. प्लेस पेटीच्या वादाला इतकी वर्षे शेवट न मिळण्याचे कारण तेच होते. याच विचाराने रोटूम बेटांजवळचा सुमारे ७,४०० हेक्टरचा वाडनचा भाग २००५ पासून मासेमारीला पूर्ण बंद ठेवून तुलनेसाठी राखला आहे. मार्च २०२३ पासून फ्रीशियन फ्रंट आणि मध्य ऑयस्टर ग्राउंड्सच्या मोठ्या भागांत तळाची मासेमारी बंद झाली. शेजारी देशांच्या बोटींनाही ही बंदी लागू व्हावी म्हणून युरोपची संमती घ्यावी लागली आणि या सगळ्याला वर्षे गेली. उशीर झाला, तरी नकाशा आणि तळ यांतले अंतर तिथे कमी झाले.

आता आपल्या किनाऱ्याकडे पाहू. १३ एप्रिल १९८७ रोजी महाराष्ट्राने मालवण सागरी अभयारण्य जाहीर केले, २९.१२ चौरस किलोमीटर, त्यात सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगडाभोवतीचा ३.१८ चौरस किलोमीटरचा गाभा. स्थानिक मच्छीमारांना विश्वासात न घेता वन्यजीव कायद्याखाली ते आखले गेले. सगळी मासेमारी बंद होईल या भीतीने गावांनी विरोध केला आणि आज जवळपास चार दशकांनंतरही ते अभयारण्य मुख्यतः राजपत्रात आहे. गंमत म्हणावी तर ती दुःखद आहे: त्याच मालवणचे, किनाऱ्यावरून जाळे ओढणारे रापणकर आणि छोटे मच्छीमार पर्ससीनची मोठी जाळी, एलईडी दिव्यांची मासेमारी आणि परराज्यांतल्या वेगवान ट्रॉलरविरुद्ध वर्षानुवर्षे लढत आले आहेत. पर्ससीन मासेमारीच्या अभ्यासासाठी नेमलेल्या सोमवंशी समितीच्या अहवालानंतर फेब्रुवारी २०१६ मध्ये राज्याने पर्ससीनवर निर्बंध घातले, त्यामागे त्यांचाच रेटा होता. म्हणजे अभयारण्याला विरोध करणारे लोक ज्याची मागणी करत आहेत, ते खऱ्या अर्थाने सागरी संरक्षणच आहे. अभयारण्य आणि हे मच्छीमार यांची भेट घडवणारा करार तेवढा कोणी केला नाही. १ जून ते ३१ जुलै समुद्र मोकळा सोडायचा आणि नारळी पौर्णिमेनंतर होड्या लोटायच्या, ही शिस्त कोकण मानतोच. काही काळ समुद्राला सोडणे ज्याला मान्य आहे, त्याला काही जागा सोडणे समजावून सांगणे अशक्य नाही. मात्र त्या जागेवरून आधी बाहेर काढायचे ते कोणाला, हे उलट ठरवून चालणार नाही.

डिसेंबर २०२२ मध्ये माँट्रियलला झालेल्या जैवविविधता करारात २०३० पर्यंत समुद्राचा ३० टक्के भाग संरक्षित करण्याचे ध्येय भारतासह जगाने स्वीकारले. ते आकडे भरायला सरकारे घाईने चौकटी आखतील, हा धोका समोर दिसतो आहे. म्हणून महाराष्ट्र सरकारने मालवणपासून सुरुवात करावी. अभयारण्याच्या अधिसूचनेचा फेरविचार करून त्यात ट्रॉल, पर्ससीन आणि एलईडी यांना स्पष्ट व कायम मनाई लिहावी. रापण आणि हाताच्या मासेमारीचे हक्क त्याच कागदावर नोंदवावेत. अभयारण्याच्या प्रवाळ असलेल्या गाभ्यात कोणालाच जाळे टाकू देऊ नये आणि त्या बदल्यात किती मोबदला, कोणाला, किती वर्षे, हे रापण संघ आणि मच्छीमार सहकारी संस्थांसोबत बसून ठरवावे. अंमलबजावणीसाठी गस्तीच्या बोटी आणि यांत्रिक नौकांचा माग ठेवणारी साधने यांचा खर्च अर्थसंकल्पात दिसावा. दर काही वर्षांनी तळाची पाहणी होऊन तिचे निष्कर्ष मराठीत गावोगावी जाहीर व्हावेत. यापुढे कोणत्याही मंत्र्याने ‘इतके टक्के समुद्र राखीव’ असे सांगितले, की त्याला एकच प्रश्न विचारायचा: त्यातल्या किती चौरस किलोमीटरवर ट्रॉल फिरत नाही? जो आकडा उत्तरात येईल, तेवढाच आपला राखीव समुद्र.